न पडण्याच्या अटीवर

हिंगणीच्या गुलाबराव थूलांना पंचक्रोशी डॉक्टर म्हणते, आणि ते डॉक्टर नाहीत. आता हे ते स्वतः होऊन कोणाला सांगायला जात नाहीत, तो भाग निराळा. सरकारी कागदावर त्यांचं पद होतं पशुधन पर्यवेक्षक. एवढं लांबलचक नाव गोठ्यात उभं राहून कोण घेणार? गाय हंबरत असते, मालकाला घाई असते, आणि या माणसाचा डावा हात खांद्यापर्यंत गायीच्या आत असतो. अशा वेळी तोंडातून निघतं ते 'डॉक्टर'च. अठ्ठावीस वर्षं, बदल्या होत होत, गुलाबरावांनी सेलू, कारंजा आणि आर्वी या तीन तालुक्यांतल्या गायी भरवल्या. सरकारी भाषेत त्याला कृत्रिम रेतन म्हणतात. खाली शंभर सीसीची काळी मोटरसायकल, मागच्या सीटवर गोठवलेल्या वीर्याच्या कांड्यांची टाकी, आणि पुढे पांदण, म्हणजे शेताशेतांमधली कच्ची वाट. डांबरी रस्त्याशी त्यांचं कधी जमलंच नाही. गोठे काय डांबरी रस्त्यावर असतात?

चार वर्षांपूर्वी ते रिटायर झाले आणि सगळं बिघडलं. सकाळी उठावं, अंगणात गाडी सुरू करावी, तिचा आवाज ऐकावा आणि बंद करावी. एवढं झालं की भागीरथाबाई, म्हणजे त्यांची बायको, समोर लसणाचं ताट ठेवी. ज्या हातानं हजारो गवळाऊ जातीच्या गायी गाभण केल्या त्या हातानं लसूण सोलायचा! गुलाबराव सोलत, पण तोंड असं करत की लसूणच लाजून जावा.

त्यात फेब्रुवारीत ते पडले. कुठे, तर स्वतःच्या फाटकात. कसे, तर उभ्या गाडीवरून. बाहेर निघाले होते, पाय टेकवून फाटकाशी उभे होते, तेवढ्यात रस्त्यापलीकडून कोणीतरी हाक दिली, "जय भीम, डॉक्टरसाहेब!" आता गुलाबरावांचा स्वभाव असा की नमस्कार आला तर तो अर्धा परत करायचा नाही. त्यांनी हँडल सोडून दोन्ही हात जोडले. हात जोडताना पायही अदबीनं जवळ आले. गाडी बिचारी किती वेळ उभी राहील? खांद्याजवळचं हाड मोडलं, दीड महिना हात गळ्यात.

तेव्हापासून भागीरथाबाईंनी एकच धरलं. "गाडी प्रफुल्लले देऊन टाका." प्रफुल्ल हा त्यांचा भाचा. तो दर रविवारी मामाची तब्येत विचारायला येई आणि टायर दाबून बघे.

अशा अवस्थेत मुलगी काजल धावून आली. ती वर्ध्याला तलाठी. तिच्या कॉलेजातला रजत नागपुरात एक भलताच धंदा करी. शहरातल्या लोकांना मोटरसायकलवर बसवून चार-चार दिवस खेड्यापाड्यांतून, नाल्यांतून, दगडाधोंड्यांतून फिरवून आणायचं. डांबर लागलं की लोक नाराज होतात म्हणे. त्याला वर्धा जिल्ह्यातल्या पांदणी ठाऊक असलेला वाटाड्या हवा होता.

"बाबा, जाल का?" काजलनं विचारलं.

गुलाबरावांच्या हातातली लसणाची पाकळी ताटात पडली.

भागीरथाबाईंनी आधी नाही म्हटलं, मग तीन दिवस काही म्हटलंच नाही, आणि चौथ्या दिवशी अट घातली. "जा. पण पडाचं नाई. एकदा बी पडले, तं आल्या दिवशी चाबी माह्या हातात. अन् खोटं नाई बोलाचं. नाई पडले, तं गाडी राहू द्या तुमची, मी पुन्हा नाव नाई काढत."

"हात्तिच्या! मी कायले पडतो?" गुलाबराव म्हणाले. भागीरथाबाईंनी फक्त फाटकाकडे बघितलं.

रजत रस्ता ठरवायला घरी आला. फोनवर नकाशा उघडून म्हणाला, "काका, पॉइंट सांगत जा, मी टाकत जातो." गुलाबरावांनी डोळे मिटले आणि सांगायला लागले. "केळझरच्या टेकडीखालून निघाचं. लंगड्या गायीच्या गोठ्यापाशी डावीकडं. मंग नाला लागते. नाल्याच्या पल्याड एक मारकी म्हैस राहते, तिच्या पाठीमागून."

"काका, गाँव का नाम?"

"गावाचं नाव कायले पाह्यजे? म्हैस दिसतेच नं."

रजतनं फोन खिशात टाकला. एकदा वाट पाहून येऊ का, असं त्यानं विचारलं, तर गुलाबरावांना रागच आला. अठ्ठावीस वर्षं ज्या वाटेनं गेलो ती पुन्हा काय पाहायची! तिथंच चुकले बघा. पण ते पुढं येईल.

नोव्हेंबरच्या शेवटी टूर निघाली. रजत, सुरभी नावाची नागपूरची दातांची डॉक्टर आणि चौघे पुण्याचे. त्यांच्या गाड्या एवढ्या उंच की गुलाबरावांना वाटलं, यांना चढून बसायला शिडीच लागत असेल. गुडघ्यांना, कोपरांना, छातीला ढालीच ढाली. पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी तोंडापाशी. सामानाची जीप डांबरी रस्त्यानं पुढं गेली, आणि हे सहा जण गुलाबरावांच्या काळ्या गाडीमागं पांदणीत शिरले.

पहिला नाला आला आणि सुरभी धाडकन वाळूत पडली. गुलाबराव गाडी लावून धावत गेले. "लागलं का बेटा?"

"नाही काका! क्या मजा आया!" असं म्हणत ती उठली, आणि खिशातून पेन काढून तिनं स्वतःच्या हेल्मेटवर एक रेघ मारली.

ही या लोकांची रीत. जो पडला त्याच्या हेल्मेटवर रेघ. ज्याच्या जास्त रेघा तो संध्याकाळचा वीर, त्याला टाळ्या. गुलाबराव थक्क झाले. ज्या गोष्टीपायी आपल्या घरात गाडी सोडायची पाळी आली, ती गोष्ट हे लोक हौसेनं करतात! पुण्याचा एक जण तर सपाट जागी पडला आणि वर म्हणाला, "माझी एक राहिली होती." गुलाबरावांनी हँडल आणखी घट्ट धरलं.

बोरच्या जंगलात आत जायची सोय नव्हती, म्हणून कडेकडेनं वस्त्या धरत निघाले. आणि प्रत्येक वस्तीवर तेच. "अरे, डॉक्टर! लय दिसानं? उतरा नं, चहा मांडला." आता चहाला नाही म्हणायचं म्हणजे त्या घराशी कायमचं वाकडं घ्यायचं. पहिल्या दिवशी अकरा चहा झाले. पुण्याचा एक जण पाचव्या चहाला म्हणाला की मी चहा घेत नाही, तर त्याच्यासाठी दूध तापवलं आणि ते चहापेक्षा मोठ्या पेल्यात दिलं. रजतनं आखलेलं वेळापत्रक दुपारीच कोलमडलं.

एका वस्तीवर शोभाबाई नावाची म्हातारी. तिनं त्या सहा जणांभोवती एक फेरी मारली, पाठीवरच्या पिशव्या बघितल्या, नळ्या बघितल्या आणि गुलाबरावांना बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टर, हे कायची फवारणी करून राह्यले?"

"फवारणी नाई मावशी, हे फिरून राह्यले."

"कायले?"

गुलाबरावांनी खूप विचार केला. "मजेसाठी," ते म्हणाले.

शोभाबाईनं पुन्हा एकदा त्या सहा जणांकडे बघितलं, या वेळी कळवळून, आणि आत जाऊन सगळ्यांसाठी शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली. वर म्हणाली, "आता आलेच तं माही गाय पाहून जा. आजकालच्या पोराले समजत नाई ते. गाभण हाय म्हणते, मले तं वाटत नाई." गुलाबरावांनी बाही वर केली, हाताला साबण लावला. सहाही जण हेल्मेट घालूनच गोठ्याच्या दारात उभे राहिले. खांद्यापर्यंत हात आत गेला तेव्हा पुण्याचा तो दूधवाला उभ्या उभ्या चक्कर येऊन खाली बसला. सुरभीनं त्याचीही रेघ मारली.

"तीन महिन्याची गाभण हाय, मावशी," गुलाबराव आतून म्हणाले. त्या क्षणी त्यांना जे वाटलं ते चार वर्षांत वाटलं नव्हतं. हात कुठे होता ते सोडा.

संध्याकाळी मुक्कामावरून घरी फोन. भागीरथाबाईंचा पहिला प्रश्न, "पडले का?"

"नाई."

"जेवले का?"

"हाव."

"बरं." फोन बंद.

दुसऱ्या दिवशी कारंज्याकडचे घाट झाले, संत्र्यांच्या बागांमधून फिरणं झालं, तेव्हाही हेच संभाषण. तिसऱ्या दिवशी सकाळी सुरभीच्या हेल्मेटवर चौदा रेघा, रजतच्या सहा, आणि पुणेकरांनी तर मोजणंच सोडलेलं. गुलाबरावांचं हेल्मेट गुळगुळीत. त्यांनी ते न्याहारीच्या वेळी मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं टेबलावर ठेवलं.

त्या दिवशी आर्वीवरून रोहण्याकडं उतरायचं होतं. गुलाबराव अगदी रंगात आले होते. पांदणी कुठं झुडपांनी बुजल्या होत्या, कुठं शेजाऱ्यांनी खाऊन अर्ध्या केल्या होत्या; पण त्यांना त्याचं काय? रोहण्याच्या अलीकडे वासुदेवरावांचा गोठा लागतो, गोठ्यासमोर पांढरी गवळाऊ बांधलेली असते, तिच्याशी उजवीकडं वळलं की थेट गावात. आणि दिसली ना गाय! तेच लांब तोंड, तेच डोळे, कपाळावर तोच भोवरा. तिच्या आईलाही गुलाबरावांनीच भरवलं होतं, म्हणजे ओळख पक्की. त्यांनी मागं हात करून इशारा दिला आणि ऐटीत उजवीकडं वळले. मागोमाग सहाही गाड्या वळल्या.

ते वावर होतं. गहू पेरायचा म्हणून कालच ओलवलेलं. आपल्याकडची काळी माती ओलवल्यावर काय होते ते वाचणाऱ्याला सांगायला नको. वीस हातांवर गुलाबरावांची गाडी थांबली; थांबली म्हणजे चाकं अर्धी आत जाऊन खुंट्यासारखी रुतली. मागं धपाधप सहा जण आडवे झाले. त्या उंच गाड्या आपल्या वजनानं खाली-खालीच जायला लागल्या. गुलाबराव तेवढे सरळ, ताठ, गाडीवर बसलेले. पडले नव्हते! अशाही स्थितीत त्यांना बरं वाटलं.

तेवढ्यात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक काठी आणि एक शिवी एकदमच आली. "अबे कोन हाय बे तिकडं? माहं वावर हाय का सरकारी रस्ता?" काठीमागं वासुदेवराव. सत्तरीचे, पण आवाज ट्रॅक्टरचा. जवळ आले, डोळ्यांवर हात धरला, आणि त्यांचा चेहराच पालटला. "कोन, डॉक्टर? राम राम हो, डॉक्टर!"

आणि त्यांनी काठी काखेत मारून दोन्ही हात जोडले.

गुलाबरावांनीही हँडल सोडून दोन्ही हात जोडले.

रुतलेली गाडी एरवी पडली नसती. पण गुलाबराव जरा वाकलेही, मोठ्या माणसाला नमस्कार वाकून करायचा असतो म्हणून. गाडी हळूहळू, अगदी सावकाश उजवीकडं कलली. सगळ्यांना ती कलताना दिसत होती. "काका! काका!" असं रजत ओरडत होता. गुलाबराव हात जोडलेल्या स्थितीतच चिखलात गेले, कानापर्यंत.

मग वासुदेवराव म्हणाले, "इकडं कुठी घुसले पण? पांदण तं तिकडं राह्यली."

"तुमची गाय इथं—" गुलाबरावांनी तोंडातला चिखल थुंकला. "गायीपाशी वळाचं असते नं."

"गोठा इकडं हलवून तीन वर्षं झाले."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमाले काय नोटीस धाडू? गाय पाहून कोनी रस्ता वळते का हो?"

सहा चिखलाचे पुतळे गुलाबरावांकडे बघायला लागले. रजतनं हळूच विचारलं, "काका, आपण गाय बघून वळलो?"

"गाय बराबर होती," गुलाबराव म्हणाले. "वावर चुकलं."

आता वासुदेवरावांना जुनं दुखणं आठवलं. "असेच चुकता तुमी. तीन खेपा कालवड मांगितली, तिन्ही खेपा गोऱ्हाच झाला मले!"

"ते काय माह्या हातात असते?"

"हात तं तुमचाच होता!"

सुरभी चिखलात बसल्या जागी हसून हसून पुन्हा पडली. पण वासुदेवराव बोलता बोलताच गोठ्याकडं गेले आणि बैलजोडी घेऊन आले. पांढरीशुभ्र, उंचापुरी, शिंगांना रंग. त्या तीन गोऱ्ह्यांतलेच दोन. त्यांच्या जुवाला नाडा बांधून एकेक गाडी ओढून काढली. पुणेकरांच्या गाड्यांवर किती घोड्यांची ताकद लिहिली होती कोण जाणे, दोन बैलांनी त्या चिंधीसारख्या बाहेर काढल्या. "पाहा, तुमचीच लेकरं," वासुदेवराव म्हणाले, आणि त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. गुलाबरावांनी बैलांच्या मानेवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले, आणि चिखलामुळं ते कोणाला दिसलं नाही.

सुरभी पेन काढून त्यांच्या हेल्मेटपाशी आली. मग तिला भागीरथाबाईंची अट आठवली. ती एव्हाना सगळ्यांना तोंडपाठ होती, गुलाबरावांनी दर चहाला सांगितलेली. तिनं पेन खिशात ठेवलं.

"काका," रजत म्हणाला, "हमने कुछ देखा ही नहीं." पुण्याचे चौघेही शपथेवर तयार झाले. वासुदेवराव म्हणाले, "मी तं हात जोडून उभा होतो, मले काय दिसते?"

संध्याकाळी फोन लागला. "पडले का?"

गुलाबरावांनी तोंड उघडलं. नाई म्हणणं एवढं सोपं होतं. "हॅलो," ते म्हणाले, "रेंज नाई इथं, रेंज नाई," आणि फोन बंद केला. संसारात त्यांनी बायकोशी थापा मारल्या नव्हत्या असं नाही, पण त्या रात्री जेवण गेलं नाही त्यांना. दुसऱ्या दिवशी खरांगण्यावरून परत येताना तीन ठिकाणी चहाची हाक आली, तर हा माणूस थांबला नाही. मागच्यांना वाटलं, डॉक्टर आजारी पडले.

दुपारी सगळे हिंगणीला घरी पोचले. काजल सुट्टी काढून आली होती. भागीरथाबाईंनी पाटवड्यांचा रस्सा केला होता, भाकरी, ठेचा. पंगत बसली. भागीरथाबाई वाढायला वाकल्या, आणि कोणी काही विचारायच्या आत पुण्याचा एक जण म्हणाला, "काकू, काका एकदाही पडले नाहीत हं."

"बिलकुल नाही," दुसरा म्हणाला.

"चिखलात तर अजिबातच नाही," तिसरा म्हणाला, आणि सुरभीनं त्याला कोपर मारलं.

भागीरथाबाईंनी नवऱ्याच्या उजव्या कानाकडे बघितलं. कानाच्या पाळीत काळी माती तशीच होती. पळी घेऊन त्या पंगतीच्या टोकाला बसल्या आणि विचारलं, "मंग, काय काय पाह्यलं?"

मग काय, सगळे सुटलेच. अकरा चहा, शोभाबाईची फवारणी, गोठ्यातली चक्कर, संत्र्याच्या बागेत मालकानं खिसे भरून दिलेली संत्री, शिंगं रंगवलेले बैल. "काकू, पूरा जिल्हा ओळखतो यांना," रजत म्हणाला. "लोक रस्त्यात उभे राहतात." भागीरथाबाई ऐकत होत्या. रस्सा वाढायचा राहून गेला, तो काजलनं उठून वाढला.

गुलाबरावांचा घास तोंडात फिरत होता. शेवटी त्यांनी भाकरी ताटात ठेवली. "मी पडलो," ते म्हणाले.

सुरभीनं कपाळाला हात लावला.

"कुठी?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"रोहण्याले. वासुदेवरावच्या वावरात."

"लागलं?"

"नाई. चिखल होता."

"मंग काल फोनवर काऊन नाई सांगतलं?"

"रेंज—"

"रेंज नाई म्हणाले नं तुमी, ते मले साफ ऐकू आलं."

गुलाबराव उठले, हात धुतला, खिशातून चाबी काढली आणि बायकोच्या हातावर ठेवली. सहा पाहुणे ताटात बघत बसले. सुरभीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते ती ठेच्यावर ढकलत होती.

भागीरथाबाईंनी चाबी मुठीत धरली. "एक सांगा," त्या म्हणाल्या. "त्या शोभाबाईची वस्ती इथून किती दूर हाय?"

"बारा किलोमीटर."

"बारा." त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं झाले आपल्या लग्नाले. या पोरीले चार दिसांत सारा मुलूख दाखवला. पुण्याच्या मानसाले दाखवला. मले कधी नेलं हो?"

"मागच्या सीटवर कांड्यांची टाकी राहे," गुलाबराव कसंबसं म्हणाले. "जागा नोहती."

"टाकी जमा करून चार वर्षं झाले."

गुलाबरावांनी मान खाली घातली. त्यांना लाज वाटली, खरीखुरी.

भागीरथाबाई उठल्या. पदर कमरेला खोचला आणि अंगणात जाऊन गाडीच्या मागच्या सीटवर बसल्या, एका बाजूला दोन्ही पाय सोडून. चाबी त्यांनी पुढं धरली. "चाला."

"आता? पाहुणे जेवून राह्यले."

"काजल वाढते त्याईले. चाला."

गुलाबरावांनी चाबी घेतली, पण गाडीला लावली नाही. "अन् पडलो तं?"

"पडलो तं दोघं पडू," भागीरथाबाई म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याचा खांदा धरला. "एकटे पडले अन् उठले नाई, तं मले कोन सांगन, कोन्या वावरात पाहू म्हणून?"